पार्ट भिवंडीहून निघालाय

"सर, पार्ट भिवंडीहून निघालाय."

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. भिवंडी म्हणजे काही जर्मनी नव्हे. ठाण्याच्या बाळकुम नाक्यावरून कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर, पूर्णा अशी गोदामांची रांगच लागते. ट्रॅफिक धरूनसुद्धा तासा-दीड तासाचा मामला. तो पार्ट सकाळी चालत निघाला असता तरी संध्याकाळपर्यंत वागळे इस्टेटीतल्या वर्कशॉपमध्ये पोचला असता. पण तो सोमवारी निघाला आणि पुढच्या सोमवारीही निघालेलाच होता.

गाडी माझी ऑटोमॅटिक, पाच-सहा वर्षं वापरलेली. पातलीपाड्याच्या पुलावर चढताना तिनं दोन झटके दिले, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि मग गिअर बदलायचं तिनं सोडूनच दिलं. तिसऱ्यात अडकली ती अडकलीच. अशा वेळी गाडीचा कॉम्प्युटरच गिअरबॉक्सला एका गिअरमध्ये धरून ठेवतो, म्हणजे आतली मोडतोड वाढत नाही आणि माणूस कसाबसा कडेला पोचतो. तसा पोचलो. रोडसाइड असिस्टन्सला फोन केला, फ्लॅटबेड आली आणि मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेनं माझी गाडी दुसऱ्याच्या पाठीवर बसून वागळे इस्टेटीत गेली. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलेली होती, त्यामुळे खिशाला झळ बसणार नव्हती. एवढ्यावर मी खूश होतो.

वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीचं माहेर. १९६२ साली महामंडळाचा कारभार इथूनच सुरू झाला. आता तिथल्या कारखान्यांच्या जागी काचेची ऑफिसं आली आणि उरलेल्या शेडमध्ये गाड्यांची वर्कशॉप्स. जिथं कधीकाळी लेथ फिरत असतील तिथं आता वातानुकूलित वेटिंग लाउंज आहे, मशीनची कॉफी आहे, आवाज बंद केलेला शेअर बाजाराचा चॅनेल आहे आणि एक मोठी काच आहे. काचेपलीकडे लिफ्टवर चढलेल्या गाड्यांची पोटं दिसतात. ही काच विश्वास वाटावा म्हणून लावलेली असते, पण तिच्यातून दिसतं ते एवढंच की आपल्या गाडीजवळ कोणीही नाही.

माझी सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर कळव्याहून येणारी एक तरुण मुलगी होती. हातात टॅब, कानात ब्लूटूथ, आणि समोर कायम दोन गिऱ्हाइकं. तिला मी कधी मनापासून चिडून बोलू शकलो नाही, कारण ती ज्या खुर्चीत बसली होती तिथं कोणीही बसलं असतं तरी हेच बोललं असतं. पार्टची ऑर्डर टाकणारा माणूस वेगळा, गोदाम वेगळं, वॉरंटीची मंजुरी देणारा कंपनीचा माणूस आणखी तिसरीकडे. शिव्या खायला मात्र ही एकटी. शिवाय तिच्या डोक्यावर टार्गेट. ऑइल बदलायला आलेल्या माणसाच्या गळ्यात एसी डिसइन्फेक्शन, इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग यातलं काही ना काही उतरवायचं. नवी गाडी विकून डीलरला फारसं सुटत नाही, त्याचं घर चालतं ते वर्कशॉप, पार्ट आणि विम्याच्या कामावर. सुरुवातीच्या फ्री सर्व्हिसमध्येसुद्धा फ्री असते ती मजुरी. ऑइल आणि फिल्टरचे पैसे मोजावेच लागतात.

गाडीवाले चारजण जमले की या ज्यादा बिलांवरच बोलतात. मला ती तक्रार तितकीशी मोठी वाटत नाही. नको म्हणता येतं. "मॅडम, जॉब कार्डवर लिहिलंय तेवढंच करा," एवढं एक वाक्य पुरतं. जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगितले की बदललेत की नाही तेही कळतं (वॉरंटीतले सोडून, ते कंपनीकडे परत जातात). पैशाच्या बाबतीत गिऱ्हाईक अगदीच बिनहत्यारी नसतं. वेळेच्या बाबतीत असतं.

कारण गाडी वर्कशॉपमध्ये पडून राहिली तर वर्कशॉपचं काय जातं? कोपऱ्यातली एक जागा. बाकी शून्य. माझ्याकडे मात्र आई होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आणि मानपाड्याहून नौपाड्याला फिजिओथेरपीला न्यायचं. वाकून रिक्षात शिरणं तिला जमत नव्हतं. अ‍ॅपवरची टॅक्सी पाऊस पडला की दुप्पट पैसे दाखवायची, तरी ड्रायव्हर आधी फोन करून कुठं जायचंय ते विचारायचा आणि मग राइड रद्द करायचा. एक बरा टॅक्सीवाला मिळाला तर त्याच्या गाडीची मागची सीट इतकी खोल, की आईला उठवायला आम्ही दोघं लागायचो. या सगळ्याचा खर्च, दगदग, ऑफिसातून लवकर निघण्यासाठी लावलेल्या सबबी, सगळं माझ्या खात्यावर. उशीर करणारा एक आणि उशिराचं बिल भरणारा दुसरा. असा हिशोब असेल तर पार्ट भिवंडीहून निघून निघून थकणारच.

मग दुसऱ्या गॅरेजमध्ये का नेत नाही, असं शेजारच्या काकांनी विचारलं. सोपा प्रश्न, पण त्याच्या उत्तरात बराच इतिहास आहे. आजच्या गाडीचा गिअरबॉक्स पाना-स्क्रू ड्रायव्हरवर उघडत नाही. कंपनीचं निदान करणारं सॉफ्टवेअर लागतं, कोड टाकावा लागतो, आणि तो खास पार्ट बाहेर दुकानात मिळत नाही. यावर भारतात मोठा निकाल लागलेला आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. कारण नेमकं हेच होतं: अस्सल पार्ट आणि दुरुस्तीची माहिती आपल्या अधिकृत डीलरांपुरती ठेवायची, बाहेरच्या गॅरेजांना द्यायची नाही. बाहेर काम करून घेतलं एवढ्याच कारणावर सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगानं बजावलं होतं. पुढं अपिलं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. निकालात तत्त्व कितीही स्पष्ट असो, माझ्या गाडीचा गिअरबॉक्स उघडेल असा गॅरेजवाला मला पोखरण रोडपासून कोलशेतपर्यंत मिळाला नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकत नाही हे ज्याला ठाऊक असतं, तो घड्याळाकडे कशाला बघेल?

विम्याकडेही हात पसरून पाहिला. माझ्या पॉलिसीत रोजच्या प्रवासखर्चाचं अ‍ॅड-ऑन होतं, म्हणजे गाडी दुरुस्तीत असेल तितके दिवस ठरावीक भत्ता. पण ते अपघाताच्या क्लेमलाच लागू. त्यातही सुरुवातीचे काही दिवस वगळून, आणि कमाल दिवस ठरलेले. गिअरबॉक्स आपणहून बिघडला तर विमा कंपनीचा संबंध नाही. म्हणजे मी कोणाला तरी ठोकलं असतं तर माझी टॅक्सीची सोय झाली असती. नीट चालवली, म्हणून रिक्षाच्या रांगेत.

कॉलेजातला एक मित्र ठाणे कोर्टात वकिली करतो. तो म्हणाला, "फोनवर कशाला घसा कोरडा करतोस? फोनचा पुरावा नसतो. मेल टाक. आणि 'लवकर करा' असं लिहू नकोस, प्रश्न विचार." तसं केलं. जॉब कार्ड नंबर लिहिला आणि दोनच प्रश्न विचारले: पार्टची ऑर्डर कोणत्या तारखेला टाकली, आणि गाडी तयार होईपर्यंत मला बदली गाडी देणार का? वॉरंटीच्या पुस्तिकेत शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत बदली वाहनाची एक ओळ होती, 'उपलब्धतेनुसार'. तिचा फोटो जोडला. कंपनीच्या कस्टमर केअरला प्रत पाठवली. आणि मित्राच्याच सांगण्यावरून शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर, धमकी न देता, नुसता आपला लिहून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्कशॉपच्या मॅनेजरचा स्वतःचा फोन. "सर, मेल कशाला केलात? आधी बोलायचं ना!"

आधी मी दुसरं काय करत होतो, हे मी त्यांना विचारलं नाही. बदली गाडी मिळत होती.

महागड्या ब्रँडच्या गिऱ्हाइकांना अशी गाडी फारशी न मागता मिळते. ज्याच्या घरी आधीच तीन गाड्या उभ्या असतात त्याला चौथी, आणि ज्याची एकुलती एक गाडी बंद आहे त्याला "सर, कॅब बघा ना तोवर." हा न्याय मला आजतागायत कळलेला नाही. आमच्यासारख्यांसाठी वेगळ्या बदली गाड्या ठेवलेल्याच नसतात. मिळाली तर शोरूमची डेमो कार मिळते. मलाही तीच मिळाली. नुकतीच बाजारात आलेली, उंच बैठकीची छोटी एसयूव्ही, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेलं. भाडं नाही; पांढऱ्या नंबरप्लेटची खाजगी गाडी भाड्यानं देताच येत नाही, स्वतः चालवायला भाड्यानं मिळणाऱ्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. भाडं नसलं तरी अटी भरपूर. लायसन्सची प्रत. डिपॉझिटचा चेक. दिवसाला ठरावीक किलोमीटर. ठाणे, मुंबई, नवी मुंबईच्या बाहेर न्यायची नाही. पेट्रोल जितकं दिलं तितकंच भरून परत. ई-चलान आलं तर माझ्या माथी. मग एका कागदावर गाडीची चारी बाजूंनी रेखाकृती, आणि एक मुलगा टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरत प्रत्येक ओरखड्याला त्या चित्रावर गोल करतोय. माझी गाडी आत घेताना एवढी बारकाईनं कोणी पाहिली नव्हती.

सगळ्यात मोठी गोष्ट कागदावर नव्हतीच. ती दारांवर होती. दोन्ही बाजूंना, हातभर लांब लाल अक्षरांत: टेस्ट ड्राइव्ह.

"हे स्टिकर निघेल का?" मी विचारलं.

"नाही सर, कलर जाईल."

तर अशी ती गाडी घेऊन मी घरी आलो. वॉचमननं आधी गेटवरच अडवलं, कारण काचेवर सोसायटीचा स्टिकर नाही. मग ओळखून हसला आणि म्हणाला, "साहेब, जॉब बदलला काय?" वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पेढे मागितले. नितीन कंपनीच्या सिग्नलला एक बाइकवाला काच खाली करायला लावून विचारतो, "अ‍ॅव्हरेज काय देते?" वाशीला भाचीच्या लग्नाला गेलो. ऐरोलीच्या पुलावर लहान गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ आहे, त्यामुळे फास्टॅग कोणाचा हा प्रश्न सुदैवानं आला नाही. पण हॉलच्या पार्किंगमध्ये मुलाकडचे दोन काका अक्षता टाकायच्या आधी बॉनेट उघडायला लावून उभे. ऑन रोड किती पडते, वेटिंग किती आहे, रंग कुठले. मी पण नंतर नंतर उत्तरं द्यायला लागलो. काय करता! पेट्रोल माझं, ड्रायव्हर मी, आणि जाहिरात डीलरची, घोडबंदरपासून वाशीपर्यंत.

गाडी मॅन्युअल होती. ऑटोमॅटिकनं पाच वर्षं आराम दिलेला माझा डावा पाय कापूरबावडीच्या जॅममध्ये पुन्हा कामाला लागला. क्लच दाबा, पहिला टाका, दोन गाड्यांइतकं पुढं जा, पुन्हा दाबा. संध्याकाळी पोटरीत गोळे. दुसऱ्याची गाडी म्हणून धाकधूक वेगळीच. बेस्टची बस, टीएमटीची बस, रेतीचा डंपर, सगळे आपल्यालाच घासायला निघालेत असं वाटायचं. रिक्षात आणि दारात बोटभर फट राहिली की मी श्वास रोखून धरायचो. आई मात्र मजेत. सीट तिच्या कमरेच्या उंचीला होती, त्यामुळे वाकायचं नाही की कोणाचा हात धरायचा नाही. दार उघडलं, बसली. पाय आत घेतले. दार तिनं स्वतः लावून घेतलं आणि म्हणाली, "चल."

या काळात मला आमच्या फियाटचा मिस्त्री बऱ्याचदा आठवला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबांनी जुनी फियाट घेतली होती, स्टिअरिंगला गिअर असलेली. चरईतल्या एका जुन्या वाड्याच्या बाजूला मिस्त्रीचं उघड्यावरचं गॅरेज. कार्बोरेटर साफ करणं, पॉइंट घासणं, प्लग बदलणं अशी कामं. पार्ट लागला तर कुर्ल्याला जायचं. गाडी बनायचीही कुर्ल्यालाच. हा मिस्त्री काही संत नव्हता. जुनाच प्लग घासून नव्याचे पैसे लावायचा, आणि बाबांना ते ठाऊक असायचं. पण गाडी टाकली की तो बाबांना आपली स्कूटर द्यायचा. "साहेब, घेऊन जा. सहापर्यंत आणा, मला कळव्याला जायचंय." मी पुढं उभा, हँडलला धरून, आणि बाबा ती खडखडणारी स्कूटर घेऊन तलावपाळीला चक्कर मारून बँकेत. इतरांच्या गाड्या त्या वाड्याच्या बाजूला दोन-दोन दिवस पडलेल्या असत. आमची त्याच संध्याकाळी मिळायची. बाबा म्हणायचे, मिस्त्रीचा आपल्यावर जीव आहे. असेलही. पण त्याची घरी जायची स्कूटर आमच्याकडे होती, हेही होतंच.

डेमो कारनं नेमकं हेच केलं, फक्त मिस्त्रीच्या जागी शोरूम होतं. शनिवार-रविवार आला की शोरूममध्ये माणसं गाडी चालवून बघायला येतात. त्या मॉडेलची चालवायला द्यायची त्यांच्याकडे एवढी एकच गाडी होती, आणि ती मानपाड्याला माझ्या पार्किंगमध्ये उभी. पहिल्या शनिवारी त्यांनी कसंबसं निभावलं. मग विक्री विभागाचा मॅनेजर वर्कशॉपच्या मॅनेजरच्या मागे लागला. हे मला त्या कळव्याच्या मुलीनंच सांगितलं, जरा हसतच: "सर, आता आमच्यापेक्षा सेल्सवालेच जास्त फोन करतात, तुमची गाडी कधी होणार म्हणून." इतके दिवस माझा उशीर हा माझा होता. आता तो त्यांच्या दोन विभागांमधला झाला, आणि डीलरशिपमध्ये विक्रीवाल्यांपुढं सर्व्हिसवाल्यांचं फार चालत नाही.

पार्ट आला. भिवंडीहून नाही. पुण्याच्या एका डीलरच्या स्टॉकमध्ये तो पडून होता, तिथून मागवला. एका रात्रीत आला. हे पहिल्याच आठवड्यात का झालं नाही, असं मी विचारलं तेव्हा मॅनेजर म्हणाले, "सर, दुसऱ्या डीलरकडून घ्यायचा म्हणजे स्पेशल अप्रूव्हल लागतं." ते अप्रूव्हल कोणी दिलं हे मी विचारलं नाही. माझा अंदाज, सेल्सच्या मॅनेजरनं.

गाडी धुऊन-पुसून, टायरला काळं पॉलिश मारून मिळाली. डेमो कार परत करताना पुन्हा तो टॉर्चवाला मुलगा आणि तो चित्राचा कागद. एकही नवा गोल निघाला नाही. अ‍ॅडव्हायजर मला दारापर्यंत सोडायला आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सर, कंपनीकडून फीडबॅकचा कॉल येईल. दहापैकी दहा सांगा हं. नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह जातो." फोन आला. मला सहा द्यायचे होते, पण ते त्या मुलीच्या नावावर जमा होणार होते. ज्याच्या टेबलावर माझी ऑर्डर पडून होती त्याच्यासाठी वेगळा प्रश्नच नव्हता. दहा दिले. असे दहा-दहा जमवून कंपनी वर्षअखेरीस ग्राहकसमाधानाची ढाल कोणाला तरी देत असणार.

घरी आईनं आमच्या गाडीत बसताना दाराला धरून "आई गं" केलं आणि म्हणाली, "ती लाल अक्षरांचीच बरी होती. तीच का नाही घेत?"

पुढच्याच आठवड्यात शोरूममधून एका मुलाचा फोन. "सर, तुम्ही आमची गाडी बरेच दिवस वापरलीत, फॅमिलीला कशी वाटली? तुमच्या जुन्या गाडीवर एक्स्चेंज बोनस चालू आहे."

मी म्हटलं, "गाडी छान आहे. आईला तर फारच आवडली. मला एकच सांगा, हिचा गिअरबॉक्स गेला तर पार्ट किती दिवसांत येतो, आणि तोवर मला गाडी कोणती मिळते?"

"सर, त्याचं असं आहे..." तो अडखळला. "एक मिनिट होल्ड करा, मी तुम्हाला सर्व्हिसवाल्यांना जोडून देतो."